पळवलेले पाहुणे

सप्टेंबर लागला की दुपारच्या फेरीबोटीला धक्क्यावर हजर राहायचं, हा आसिमिनाचा नेम कुणाच्या बापाला मोडता आला नव्हता. खाल्किदाला राहणारी तिची मुलगी रोदांथी फोनवर कानीकपाळी ओरडे, “आई, आता तिथे कुणी खोल्या शोधत येत नाही. तुझं घर फोनवर टाकूया, लोक आपोआप येतील.” आसिमिना म्हणे, “आपोआप येतो तो पाऊस. पाहुण्याला घ्यायला जावं लागतं.” आणि काखेत पुठ्ठा मारून निघे. ‘खोल्या भाड्याने’ ही त्यावरची निळी अक्षरं रोदांथीनंच शाळेत असताना रंगवली होती. आता ती इतकी फिकी झाली होती, की वाचणाऱ्याला आधीच माहीत असेल तरच वाचता येत.

एके काळी या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे. थेसालीच्या सपाट मुलखातले शेतकरी, गहू घरात पडला आणि कापूस अजून वेचणीला आला नाही अशा मधल्या दिवसांत, झुंडीनं इथे, एडिप्सोसच्या गरम झऱ्यांवर, स्नानाला येत. कुणाची पाठ गेलेली, कुणाचे गुडघे, कुणाची कूस उजवत नाही. जमिनीतून उकळत येणारं हे पाणी सगळ्याला लागू पडतं अशी त्यांची श्रद्धा. येताना चीजचे डबे, कांद्याच्या माळा, घरची पातेली, सगळा संसार बरोबर. आणि धक्क्यावर बायकांची ही रांग.

“माझ्याकडे या, खिडकीतून समुद्र दिसतो.”

“दिसतो ना, स्टुलावर चढून मान बाहेर काढली तर.”

“तुझ्याकडे ढेकूण तरी दिसतात का गं? की तेसुद्धा सोडून गेले?”

तोंडं अशी सुटलेली असली तरी धक्क्याचा कायदा पक्का होता. जिनं पिशवी उचलली, पाहुणा तिचा. आणि एकदा एखादीच्या घरी राहून गेलेला पाहुणा जन्मभर तिचा. दुसरीनं त्याच्या पिशवीला बोट लावायचं नाही. नवरे आपसात मारामाऱ्या करीत, जमिनीच्या भानगडी वर्षानुवर्षं चालत, पण हा कायदा कुणी मोडत नसे.

झांबेतानं तो मोडला होता.

झांबेता म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, एकाच विहिरीवर चादरी धुतल्या. स्नानाच्या पाण्यानं पंच्यांना पडणारे तांबूस डाग काढायची युक्ती आसिमिनाला तिनंच शिकवली. रोदांथीच्या बाप्तिस्म्याला तेलानं माखलेली ती गुळगुळीत पोर झांबेतानंच हातात धरली, तिचं नाव उच्चारलं आणि तिची नोना झाली. नोना म्हणजे दुसरी आईच. इतकं सगळं असताना, आसिमिनाची आई वारली आणि ती आठवडाभर घराबाहेर पडली नाही, नेमक्या त्याच आठवड्यात झांबेतानं लांब्रोस आणि अगोरित्साची पिशवी उचलली.

ते दोघं आसिमिनाचे लाडके पाहुणे. डावीकडची, द्राक्षवेलीखालची खोली त्यांची. अगोरित्सा संध्याकाळी अंगणात शेंगा सोलता सोलता अशा नकला करी की आसिमिनाची आई हसून हसून खुर्चीला धरे. त्या वर्षी मात्र आईला पुरून आलेल्या आसिमिनानं काळ्या ओढणीआडून पाहिलं, तर ते दोघं मान खाली घालून भिंतीपलीकडे शिरताना दिसले. भेटायलासुद्धा आले नाहीत. ती भिंतीपाशी गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मढ्यावरची माती वाळली नाही तोवर हात मारलास होय गं, चोरटे?” झांबेता अंगणात उभी होती. तिनं उलटून एक शब्द काढला नाही, आणि आसिमिनाच्या लेखी तोच कबुलीजबाब झाला.

त्यानंतर दोन घरांमधून विस्तव गेला नाही. लांब्रोस-अगोरित्सा दर सप्टेंबरात येत, झांबेताकडे उतरत. रोदांथीचं लग्न झालं. लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करायचा मान नोनाचा, पण झांबेताला बोलावणंच गेलं नाही. झांबेताचा नवरा गेला तेव्हा आसिमिनानं देवळात लांबूनच एक मेणबत्ती लावली आणि मागच्या दारानं निघून आली. वर्षं कशी गेली ते कळलं नाही. धक्क्यावरच्या बायका एकेक करून गळाल्या. आणि ज्या पाहुण्यांवरून हे सगळं झालं, तसे पाहुणेही यायचे बंद झाले.

त्या दुपारी बोटीतून आधी मोटारी उतरल्या, मग चाकांच्या बॅगा घरंगळवत तरुण पोरं. खोली कुठे आहे ते हातातल्या फोनला विचारत ती आसिमिनाच्या बाजूनं निघून गेली. आसिमिना परत फिरणार, तेवढ्यात सगळ्यात शेवटी, कठड्याला धरत धरत एक म्हातारा उतरला. एका हातात दोरीनं बांधलेली कापडी पिशवी, दुसऱ्यात चीजचा डबा. लांब्रोस होता. एकटाच.

तो धक्क्यावर उभा राहून इकडेतिकडे पाहू लागला. कुणाला शोधतोय हे आसिमिनाला न विचारताच कळलं.

“झांबेताचे गुडघे गेलेत,” ती पुढे होऊन म्हणाली. “जिना उतरत नाही आता ती.”

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त झांबेताच्या गॅलरीत सकाळपासून पाहुण्यांच्या खोलीच्या चादरी वाळत होत्या, हे तिनं सांगितलं नाही.

“आसिमिनाबाई,” लांब्रोस म्हणाला.

आसिमिनानं वाकून त्याची पिशवी उचलली. कमरेत कळ आली, पण तिला ती जाणवलीसुद्धा नाही. इतकी वर्षं मनात जिचे मांडे खाल्ले ती पिशवी हातात होती, आणि कायदा तिच्या बाजूनं होता. मुद्दाम समुद्राकाठच्या वाटेनं, गरम पाणी खडकांवरून वाफाळत समुद्रात पडतं तिथून, तिनं त्याला नेलं. कॉफीच्या टेबलांवरच्या चारदोन म्हाताऱ्यांनी पाहिलं. पाहू दे, तिला तेच हवं होतं. गल्लीत शिरताना तिनं वर नजर टाकली. झांबेता गॅलरीत खुर्चीवर बसलेली होती. तिनंही पाहिलं. आसिमिनाला अगदी तरुणपणीसारखा आनंद झाला.

वेलीखाली तिनं लांब्रोसला बसवलं. पाणी दिलं, बशीत चमचाभर अंजिराचा मुरंबा दिला, कॉफी टाकली.

“अगोरित्सा कुठाय?”

“गेली. ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत.”

आसिमिना खुर्चीवर बसली. तिनं छातीवर क्रूस काढला. इतकी वर्षं त्या बाईवर दात धरला, तरी डोळ्यांपुढे आली ती शेंगा सोलताना नकला करणारीच अगोरित्सा.

“मी स्नानाला आलो नाही,” लांब्रोस म्हणाला. “डॉक्टरनं गरम पाण्याची बंदी केलीय, छातीसाठी. तिनं पाठवलंय मला. म्हणाली, मी गेले की आसिमिनाला सांगून या. जिवंतपणी मला तोंड नाही.”

“काय सांगायचं?”

तो डावीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिला.

“त्या वर्षी तिला दिवस गेले होते. तुम्हाला ठाऊक आहे आम्ही त्यासाठी किती वर्षं या पाण्यात बसलो. तिसरा महिना लागला होता, कुणाला सांगितलं नव्हतं. दिसेपर्यंत सांगायचं नसतं, नजर लागते. मी पाठीसाठी आलो, तिला गावात एकटी कशी ठेवू म्हणून बरोबर आणली. बोटीवरून उतरलो तर झांबेता म्हणाली, आसिमिनाची आई वारली, तिसरा दिवस आहे. आता पोटुशी बाई मढ्याच्या घराचा उंबरा कशी ओलांडणार? अगोरित्सा तिथेच पिशवीवर बसून रडायला लागली. झांबेताला सगळं सांगितलं आणि शपथ घातली, की आसिमिनाला यातलं कळता कामा नये. तिची आई आम्हाला अपशकुन झाली, असं तिला वाटेल.”

“मग?”

“मग ख्रिसमसच्या आत मूल गेलं.” त्यानं चमचा बशीत ठेवला. “त्यानंतर तर तिला ते बोलवेचना. पुन्हा तुमच्या दारात आलो असतो तर तुम्ही विचारलं असतं, मागच्या वर्षी का गं गेलीस? काय उत्तर देणार होती ती? झांबेता म्हणाली, या तुम्ही माझ्याकडेच. आसिमिनाचं मी बघून घेते.”

चुलीवर कॉफी उतू गेली. आसिमिना उठली नाही. मग उठली, कॉफी तशीच बाजूला केली आणि लांब्रोसची पिशवी उचलली.

“चला.”

“कुठे?”

“चीजचा डबा घ्या आणि चला.”

झांबेताच्या फाटकाची कडी कशी उघडायची, हे हाताला अजून ठाऊक होतं. लांब्रोसला तिनं खाली स्वयंपाकघरात बसवलं आणि एकेक पायरी चढत वर गेली. झांबेतानं खुर्चीतून मानसुद्धा वळवली नाही.

“वाट चुकलीस का? तुझं फाटक पलीकडे आहे.”

“तुझा पाहुणा आणलाय.”

“माझा कसला? पिशवी तू उचललीस. इथून बघितलं मी. समुद्राकडून वरात काढून आणलंस त्याला. आणि माझ्या चादरी इथे वाळून कडक झाल्या.”

“झांबेता, अगोरित्सा गेली.”

झांबेतानं आता मान वळवली. मग डोक्यावरचा काळा रुमाल सारखा करत म्हणाली, “म्हणजे त्यानं सांगितलं तुला.”

“सांगितलं.”

“बरं केलं.”

आसिमिना कठड्याला टेकली. तिला राग येत होता. कुणावर, ते मात्र ठरेना. “आणि तू गं? माझ्याकडून चोरटी म्हणवून घेत राहिलीस. भिंतीवरून एकदा कुजबुजली असतीस तर जीभ झडली असती का?”

“शपथ घेतली होती.”

“मूल गेल्यावर कसली शपथ?”

“मूल गेल्यावर तर जास्तच.” झांबेता खालच्या गल्लीकडे बघत बोलत होती. “दर वर्षी तुझ्या फाटकावरून जाताना ती माझा दंड घट्ट धरायची. तुला सांगितलं असतं तर तू धावत येऊन तिच्या गळ्यात पडली असतीस, तुझा स्वभाव ठाऊक आहे मला. सगळी गल्ली गोळा झाली असती. तिला ते सोसवलं नसतं. त्या सगळ्यात कुणीतरी वाईट ठरणारच होतं. तिला तिचं दुःख पुरेसं होतं. म्हटलं, चोर मीच ठरते.”

आसिमिनाला रडू फुटलं. तोंडावर हात घेऊन ती लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. आईच्या मातीच्या वेळीसुद्धा ती अशी रडली नव्हती. झांबेतानं तिला रडू दिलं, गप्प केलं नाही. पायानं एक स्टूल मात्र तिच्याकडे सरकवलं.

“बस. पडशील वरून, आणि लोक म्हणतील आता ढकललंही हिनंच.”

आसिमिना बसली. रडता रडता तिला हसू आलं, मग पुन्हा रडू.

थोड्या वेळानं झांबेता म्हणाली, “एक विचारू? मुकुट कुणी बदलले पोरीचे?”

“देवळात भजनं म्हणतो ना, त्या म्हाताऱ्या पानायोतिसनं. ऐन वेळी कुणीतरी उभं राहायला हवं होतं.”

“पानायोतिसनं? त्याचे हात तर तेव्हाही थरथरायचे.”

“पहिल्या फेरीत नवऱ्याच्या नाकावर आला मुकुट.”

“दुसरी कुणी मिळाली नाही तुला?”

“विचारलंच नाही कुणाला,” आसिमिना म्हणाली. “तुला बोलवायचं नव्हतं, आणि तुझी जागा दुसरीला द्यायची नव्हती. दिवसभर मी देवळाच्या दाराकडे बघत होते. एवढी निर्लज्ज आहे तर न बोलावता येईल, असं मनात म्हणत होते.”

“मी रोजचा रुमाल काढून ठेवला होता त्या दिवशी,” झांबेता म्हणाली. “निळा पोशाख इस्त्री करून खाटेवर ठेवला होता. संध्याकाळी परत कपाटात टाकला.”

आसिमिनानं एप्रनच्या खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. मग रोदांथीचा आवाज आला, नेहमीसारखा खट्याळ. “काय आई, आज तरी मिळाला का एखादा स्नानकरी?”

“मिळाला. तू थांब जरा. नोनाशी बोल.”

मग रोदांथीनं विचारलं, “कुणाशी?”

झांबेतानं फोन दोन्ही हातांनी धरला आणि कानापासून जरा लांबच ठेवला, त्यामुळे दोघींनाही ऐकू येत होतं. कशी आहेस, पोरं काय करतात, असं काहीतरी ती विचारेल असं आसिमिनाला वाटलं. झांबेतानं दोन-तीनदा घसा साफ केला.

“रोदांथी, पोरी, मला एक सांग. तुझ्या लग्नाच्या झग्याला बाह्या कशा होत्या? तुमची वरात इथून खालून गेली, पण मला पडद्याआडून नुसता मागचा घोळ दिसला.”

“लांब होत्या, नोना,” रोदांथी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मनगटापर्यंत. जाळीच्या.”

“आणि बटणं?”

“होती. बारीक बारीक. आईनं लावली होती.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशीच तुटली असतील,” झांबेता म्हणाली, आणि डोळे पुसत पुढचं विचारू लागली.