जीवरामनानांनी उघडलेले डोळे

फैजपूरच्या स्टुडिओत जीवरामनाना आता पासपोर्ट फोटोंवर दिवस ढकलत होते. मान सरळ, हसू नका, झालं. पूर्वी मात्र केळीच्या बागांमधून सायकल हाणत ते गेलेल्या लेकरांचे फोटो काढायला जायचे. लेकरू आईच्या मांडीवर बसवायचं आणि घरी येऊन बारीक कुंचल्यानं फोटोवर डोळे उघडायचे. त्यासाठी कुणाला विचारावंही लागत नसे; मिटल्या डोळ्यांचं पोर भिंतीवर कोण टांगणार? तेव्हा आया सरळ सांगायच्या, "पाच झाले, एक फोटोत आहे."

आज बेबाबाई सुनेला, मयुरीला, घेऊन आली. तिची मुलगी दवाखान्यात मेलेलीच जन्मली. नर्सनं मोबाइलवर एकच फोटो काढून दिला होता, आणि नवरा, कुंदन, तो पुसून टाक म्हणून मागे लागला होता. आताची माणसं अशी. लेकरू गेलं की आधी मोबाइल साफ करतात. मयुरीला त्याआधी फोटो कागदावर हवा होता.

"नाना, डोये उघडा बरं पोरीचे," बेबाबाई म्हणाली. "माह्या प्रल्हादचे उघडले होते तसे."

मयुरी बाकावर खाली मान घालून बसलेली. नानांनी सवयीनं कॉम्प्युटरवर डोळे उघडले, फोटो छापून तिच्या हातात दिला.

"ही कोण?"

"तुझीच, बाई."

"माझ्या मुलीनं डोळे उघडलेच नाहीत, नाना. मी वाट पाहत होते. हे कुणाचे लावलेत?"

नानांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "कुणाचेच नाहीत. मला एकच जोडी काढता येते. सगळ्यांना तीच लावली."

"माह्या प्रल्हादले बी?"

"त्याला बी, अक्का."

"चाळीस वरीस त्याच्या डोयात पाहून दिवा लावते मी, आन तुम्ही आता सांगता?"

"तुम्ही आता विचारलं."

बेबाबाई स्टुलावर बसली. नानांनी काही न लावता पुन्हा फोटो छापला. मयुरीनं तो दोन्ही हातांनी घेतला, ओढणीनं कडा पुसल्या.

"दाखव," बेबाबाई म्हणाली. बराच वेळ पाहत राहिली. "असाच निजला होता तो. होठ जरासे उघडे. त्याची निगेटिव्ह असंन ना, नाना?"

"सगळ्या भंगारात गेल्या, अक्का."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग हिचेच दोन काढा. एक मले."