मखमलीचा बाण

नाटकांचे कपडे बेतणाऱ्या मास्तरांच्या नजरेत मधोमध धुकं बसलं होतं, आणि ते हटणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. कपडे बेतायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये संगणकाच्या पडद्यावर करड्या बटणांची नुसती गर्दी. मास्तर इतके वाकून बघत की सून म्हणे, "बाबा, नाकाने दाबताय की काय?" शेवटी बेतणं तिच्याकडे आलं आणि मास्तर हुक-काज करत बसले. कारखान्यात त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मग नव्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे कच्चा नमुना, चाचणीसाठी आला. त्यात एका वेळी कपड्याचा एकच तुकडा दिसे. रेघ ठसठशीत. ज्या मापाला हात घालाल तेवढंच मोठं होई, बाकीची मापं अदबीने मागे सरत. पहिल्याच दिवशी मास्तरांनी एक बाही बेतली आणि खुर्ची सुनेला परत दिली नाही.

चाचणी करणाऱ्यांचा फोनवर ग्रुप होता. सून तो मास्तरांना वाचून दाखवी.

"हे ज्याने आखलं त्याला माझ्याकडून एक शर्ट फुकट," पडदे शिवणाऱ्याने लिहिलं.

"तुम्ही शिवलेला? मग बिचाऱ्याने तुमचं काय बिघडवलंय?" टोपीवालीने विचारलं.

गणवेशवाले काका कौतुकात पडत नसत. ते रोज एवढंच विचारत, "बाई, बाजारात कधी?" आणि प्रोग्रॅमरबाई रोज उत्तर देत, "लवकरच."

"आमचा गवंडीही हेच म्हणतो. घराला अजून छप्पर नाही," काका लिहीत.

मास्तर खो खो हसले, पण हसू फार टिकलं नाही. महिनाअखेरीला बीटा बंद होणार होता. तोवर खरी आवृत्ती आली नाही, तर त्यांना पुन्हा हुक-काजच होतं.

त्याच आठवड्यात राजाच्या भूमिकेसाठी मखमलीचा झगा शिवून झाला. सुनेने तो खुंटीला टांगला आणि तिचा चेहरा उतरला. पाठीचा उजवा भाग काळपट दिसत होता, डावा लालभडक. मखमलीची लव एका दिशेने बसते. तुकडे उलटसुलट कापले की एकाच ताग्यातले दोन कापडांचे वाटतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये दिशेचा बाण लावायचा असतो. तो नसला, तर कापड वाचवायला प्रोग्रॅम तुकडे हवे तसे फिरवतो.

"बाबा, बाण लावायचा राहिला का हो?" तिने शक्य तितक्या हळू विचारलं.

मास्तरांनी झग्याच्या पाठीवरून हात फिरवला. एका बाजूला हात सरकला, दुसऱ्या बाजूला अडला.

"लावला होता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "लावला असं मला वाटलं. तू बस उद्यापासून खुर्चीवर."

दुपारी सुनेने नवं काम उघडलं, बाण लावला, जतन केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बाण नव्हता. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"बाबा! तुमची चूक नाही. बंद केलं की हाच विसरतोय!"

मास्तरांचे खांदे सैल झाले. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" असं ते म्हणाले, जे त्यांनी म्हटलं नव्हतं. "मग कळव की बाईंना."

सुनेने फोन हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. प्रोग्रॅमरबाईंनी सकाळीच लिहिलं होतं, की आता मोठा दोष निघाला नाही तर याच आठवड्यात खरी आवृत्ती बाहेर.

"आल्यावर कळवलं तर?" ती म्हणाली. "तोवर आपण रोज बाण नव्याने लावू. आपल्याला माहितीये ना आता. आवृत्ती लांबली तर तुम्ही..."

"टोपीवालीला माहितीये?"

"नाही."

"तीही मखमल कापते. टोपी बिघडली की आपल्याच डोक्यात मारून घेईल. सकाळी मी घेतलं तसं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "लिही. आणि आधी चांगलं लिही. इतका देखणा पडदा मी जन्मात पाहिला नाही म्हणावं. असं काम अर्धवट बाहेर सोडू नका."

तिने लिहिलं. मग टोपीवालीचं आलं, "अगं बाई! मी कालपासून तीन टोप्या उसवल्यात, स्वतःला शिव्या घालत."

काकांनी लिहिलं, "म्हणजे आणखी लांबलं. मास्तर, मोठी कृपा झाली."

प्रोग्रॅमरबाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. खरी आवृत्ती पुढे ढकलली होती, तारीख सांगता येत नव्हती. दुरुस्ती पारखायला मखमल कापणारेच हवेत, म्हणून बीटाही तोवर चालू राहणार होता. मास्तर आणि टोपीवाली, दोघांना जमेल का?

"किती दिवस, ते लिहिलंय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. त्यांनाच माहीत नाही."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "झग्याची पाठ उसव तू. मी नवी बेततो. आणि राजाचं पोट जरा मोकळं ठेवायचंय, मागच्या प्रयोगात तो श्वास कोंडून बोलत होता."