जोडीचा सोडा

"मार्लीन रविवारी इथंच सोडा प्यायली ना? कुणाबरोबर?" डॉक्टर हार्लननी हॅट न काढताच विचारलं.

"एकटीच होती," दुकानाच्या काउंटरमागून विल्मा बोलून गेली.

डॉक्टर मान हलवून निघून गेले. पोस्टमास्तरांच्या मार्लीनला सकाळीच शहरातल्या दवाखान्यात हलवलं होतं. पोलिओ. गावातली या उन्हाळ्यातली ही पहिलीच पोर.

आणि विल्मा चक्क खोटं बोलली होती. तिच्या सासऱ्यानं एकेचाळीस वर्षांपूर्वी शिकागोहून रेल्वेनं हा संगमरवरी काउंटर आणला, सोड्याच्या पितळी तोट्या बसवल्या, मागच्या खोलीत पेपरमिंटच्या गोळ्या वळायला घेतल्या. मंदीत गावाकडे दमडी नव्हती, तेव्हा 'जोडी' काढली तीही त्यानंच. पाच सेंटांत एक मोठा ग्लास, दोन स्ट्रॉ, दोन पोरं. सासरा गेला, नवराही गेला, जोडी मात्र चालूच राहिली. गावातली निम्मी लग्नं त्या ग्लासावर जुळली, असं लोक हसून सांगत.

रविवारी मार्लीनची जोडी होती डॉटी. ल्युसीलची थोरली. घरात चार महिन्यांचं बाळ.

हे सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत दुकानाला टाळं लागलं असतं, आणि गावानं विल्माचं पुन्हा तोंड पाहिलं नसतं. दुकानावाचून त्या बाईला होतं तरी काय हो!

दुपारपर्यंत एकही पोर फिरकलं नाही. एक बाई लेकाला ओढत पलीकडच्या फुटपाथवर गेली. विल्मानं तेच ग्लास तिसऱ्यांदा उकळत्या पाण्यातून काढले आणि स्वतःवरच उखडली. "ग्लास काय घासत बसलीस, बये! तान्हं आहे त्या घरात!" ती एप्रनसकट निघाली.

ल्युसील अंगणात कपडे वाळत घालत होती. "विल्मा आंटी! भरदुपारी दुकान सोडून? सूर्य कुठं उगवला आज?"

"रविवारी मार्लीनबरोबर एकाच ग्लासातून डॉटी प्यायली. मीच दिले दोन स्ट्रॉ. डॉक्टरांपाशी खोटं बोलले."

"काहीतरीच! ठणठणीत आहे ती. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, पण ते उन्हानं. डॉटी, ये गं बाहेर!"

डॉटी दारात आली. बाळ तिच्या कडेवर होतं.

"हनुवटी छातीला लाव बघू, राणी," विल्मा म्हणाली. पोलिओत मान आखडते, म्हणून ही परीक्षा त्या वर्षी प्रत्येक आईला पाठ होती.

पोरीनं मान वाकवून पाहिली. "दुखतंय, आंटी."

ल्युसील धावली. तिनं बाळ हिसकावून घेतलं, पण डॉटीला जवळ घ्यायला हात पुढं होईना. पोर आईकडे नुसती बघत राहिली.

विल्मानं तिला उचलून छातीशी धरलं. अंग चटके देत होतं. "हिला मी डॉक्टरांकडे नेते. तू त्यांना फोन कर. म्हणावं, विल्मा खोटं बोलली. दुकान उघडंच आहे, टाळं तुम्हीच घाला."

"दुकानात कोण आहे मग?" डॉटीनं खांद्यावरून विचारलं.

"कुणी नाही गं, बाळा."