एका संस्थेला एकच खाना

धनश्री ज्या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायची, तिच्या यादीचे चौदा खाने ज्यांनी ठरवले, तिच्या मते त्यांच्या घरात कधी कोणी आजारी पडलंच नसावं. आरोग्य, वृद्ध, दिव्यांग, महिला, रोजगार... आधी माणसाचं दुखणं खान्यात बसवायचं, मग त्याला मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर द्यायचा. आणि सुंदराबाईंचं दुखणं कुठेच बसत नव्हतं.

उधना भागातल्या सुंदराबाईंचा हा तिसरा फोन. आधी दोनदा धनश्रीने 'यादीत नाही' म्हणून सांगितलं होतं. त्यांचा नवरा निंबा कापडाच्या लूमवर कामाला होता, आता अर्धांगवायूने खाटेला खिळलेला. त्या पर्वत पाटियाच्या कारखान्यात साड्यांना लेस लावायला जातात. गेलं तर त्याला पाणी पाजायला कोणी नाही, न गेलं तर दोघांना खायला नाही.

"दवाखाना नको ताई. दिवसभर जवळ बसाले फक्त माणूस पाहिजे."

वृद्ध म्हणावं, तर निंबा सेहेचाळीसचा. दिव्यांग म्हणावं, तर दाखला नाही. दाखल्यासाठी उचलून न्यायचं, तर उचलणार कोण? सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

"'इतर'मध्ये टाका ना," सचिव योगेंद्रभाई चहा फुंकत म्हणाले.

"त्याने फोन मिटतो भाई, गरज मिटत नाही!"

"एका संस्थेला एकच खाना. नियम तुमच्याच सोयीसाठी आहे."

धनश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत फोन करते, असं सुंदराबाईंना सांगून ती सहाशे संस्थांची पत्रकं एकेक करून उघडायला बसली. दुपार कलताना 'अंत्यविधी'च्या खान्यात सापडलं. शववाहिनी चालवणारं एक मंडळ, आणि पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत: आजाऱ्याजवळ दिवसभर बसायला बाया, मोफत.

जिवंत माणसाची सोय तिरडीच्या खात्यात! हा अकलेचा कांदा कोण, म्हणून तिने नोंद करणाऱ्याचं नाव पाहिलं. तिचंच होतं. गेल्या वर्षी वरची ठळक ओळ तेवढी वाचून तिने नोंद उरकली होती.

मंडळाचे रामदासकाका फोनवर हरखलेच. चार बाया आहेत, म्हणाले, पण वर्षभरात कुणी विचारलंच नाही. एक उधन्यातच राहते, आत्ता निघेल. धनश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने लगेच सुंदराबाईंना फोन लावला. "अर्ध्या तासात बाई येते. दार उघडं ठेवा."

पलीकडे मशिनींचा खडखडाट होता.

"दार कसं उघडं ठेवू, ताई? मी तं कारखान्यात शे. बाहेरून कुलूप लायेल शे."

"निंबाभाऊ आत एकटे? कधीपासून?"

"पहिला फोन करा तव्हयपासून. रोज."

पहिला फोन दिवाळीनंतरचा होता, आणि आता होळीला चार दिवस उरले होते.

"किल्ली काढून ठेवा," धनश्री कशीबशी म्हणाली. "मी स्वतः न्यायला येते."