सत्तावीस मतं आणि माझे बूट

आमच्या ठोंब्याला सगळा देश 'माननीय सदस्य' म्हणतो. म्हणो बापडा. मी त्याची थोरली बहीण, त्याचं नाक पुसलंय मी, मला तो ठोंब्याच. तो अपक्ष खासदार, त्यामुळे त्याला विचारणारं कुणी नाही, आणि त्याच्या ऑफिसचा सगळा डोलारा माझ्या डोक्यावर. लग्न त्याने केलं नाही, म्हणून घरचाही डोलारा माझ्याच डोक्यावर. आमच्या ह्यांच्या नि माझ्या घरातली मागची खोली त्याची.

दर अधिवेशनाच्या शेवटी मी एक पुस्तिका काढते. डाव्या रकान्यात आपला खासदार काय बोलला, उजव्या रकान्यात त्याने मत काय दिलं. मतदारांना ती फार आवडते, कारण दुसरा कुठलाच खासदार असलं काही काढत नाही. का काढत नाहीत ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या पुस्तिकेत खोटं अक्षर नसतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

त्या दिवशी छपाईला मजकूर द्यायचा होता म्हणून मी सकाळी सातलाच ऑफिसात येऊन बसले होते. अकराला सचिवालयाचा शिपाई मतदानाचा छापील अहवाल ठेवून गेला. सभागृहातल्या मोठ्या फलकावर नुसती बेरीज दिसते, कुणी कसं मत दिलं ते नावानिशी या अहवालातच छापून येतं. मी चहा घेतला, पट्टी घेतली, आणि पहिली ओळ भरली. डावा रकाना: 'वाचनालयं रविवारी उघडी राहिलीच पाहिजेत, असं खासदार पन्नास मिनिटं बोलले.' उजवा रकाना: 'विरोधात मत.'

म्हटलं, छापणाऱ्याची चूक. दुसरी ओळ. पाणीपट्टी वाढवायची नाही म्हणून हा टेबल बडवून बोलला होता. मत? वाढवा. तिसरी ओळ. शाळांतले वर्ग लहान असावेत, असं भाषण. मत? मोठेच असू देत. मी पट्टी खाली सरकवत गेले आणि मला हसू यायला लागलं, अगदी नको त्या वेळी येतं तसं. सत्तावीस मतं. सत्तावीसच्या सत्तावीस उलटी! एखादं तरी चुकून बरोबर पडावं की नाही?

आणि सतरावं मत पाहून तर मी खुर्चीतून घसरायचीच बाकी राहिले. दुपारची चहाची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवायचा ठराव होता तो. एका मताने पडला. त्या संध्याकाळी हा घरी येऊन जेवताना नुसता धुमसत होता. "कोण तो करंटा, ताई? कुणाच्या पोटात दुखलं असेल? सापडू दे एकदा!" तो करंटा आमच्याच पाटावर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

गेल्या महिन्यात, अहवालाचे कच्चे कागद आधीच मिळवणाऱ्या एका मोठ्या पेपरातल्या लेखकाने याच्यावर स्तंभ लिहिला होता. 'या सदस्याची उक्ती आणि कृती यांतलं अंतर हे स्वतंत्र बुद्धीचं लक्षण आहे.' आम्हाला काही कळलं नव्हतं, पण ठोंब्याने ते कापून चौकटीत बसवून घेतलं. समोर भिंतीवरच होतं. त्याच्या शेजारी सचिवालयाचं कॅलेंडर. नूतनीकरण झालेल्या सभागृहाचे रंगीत फोटो त्यात, आणि या महिन्याच्या पानावर नव्या बाकाचा फोटो, अगदी जवळून. दोन बटणं, वर अक्षर नाही, शोभा जाते म्हणे. डावं बटण लाल. उजवं हिरवं.

हसू जागच्या जागी विरलं.

जुन्या बाकावर हिरवं डावीकडे होतं. आणि आमच्या ठोंब्याला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून नाही. टोमॅटो पिकलाय की नाही ते तो दाबून बघतो. त्याचे मोजे मी जोडीजोडीने गाठ मारून ठेवते, शर्ट मी काढून ठेवते, सिग्नलला तो पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवून रस्ता ओलांडतो. हे जगात तिघांना माहीत: तो, मी आणि आमचे हे. सभागृहात तो वर्षानुवर्षं डावं बटण दाबून 'होय' म्हणत आला. या अधिवेशनाला बाक बदलले, बटणांची अदलाबदल झाली, हा आपला 'होय'ला डावं नि 'नाही'ला उजवंच दाबतोय. शेजारच्याला विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं? पण नाही. विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, आणि सांगायचं म्हणजे मेलाच तो.

लाजेचंही कारण आहे. आमचे बाबा बसचे ड्रायव्हर. ठोंब्याला लहानपणापासून बसच चालवायची होती. विसाव्या वर्षी भरतीला गेला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. तीन दिवस पांघरूण डोक्यावर घेऊन पडला होता. उठला तो राजकारणातच शिरला, आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात त्याचं एक ठरलेलं वाक्य: "मी स्टेअरिंग सोडलं ते जनतेच्या सेवेसाठी!" टाळ्या पडतात. मी पुस्तिकेत हे वाक्य कधीच घेतलं नाही.

आणि त्या दिवशी साडेअकराला मतदान कशावर होतं? त्याच्याच विधेयकावर. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला दोन फेऱ्यांच्या मध्ये सलग आठ तास विश्रांती द्यायलाच हवी, असा कायदा. सहा वर्षं झगडला त्यासाठी. हा कायदा मला हवा होता, अगदी देव पाण्यात घालून हवा होता, कारण आमचे हे ड्रायव्हर. वर्षापूर्वी सोळा तास चाक धरून शेवटी यांचा डोळा लागला, आणि बस थेट गाद्यांच्या दुकानात शिरली. कुणाला खरचटलंही नाही. दुकानदार म्हणाला, "झोपच हवी होती तर दारातून यायचं ना!" गाव महिनाभर हसलं, मीही हसले. पण तेव्हापासून हे घरी येईपर्यंत माझा जीव टांगलेला असतो. दर वेळी गाद्यांचं दुकान थोडंच आडवं येणार आहे?

बेरीज मला तोंडपाठ होती. बाजूने एकशे एक्कावन्न, ठोंब्याला धरून. विरोधात एकशे पन्नास. हा डावं बटण दाबणार आणि स्वतःचंच विधेयक स्वतःच्याच बोटाने पाडणार!

मी अहवाल टाकला आणि धावले. माझं वय सत्तावन्न, गुडघा डावा दुखरा, आणि सभागृह दोन रस्ते पलीकडे. रस्त्यात मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. एक बाई म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "लाल डावीकडे आहे!" ती बिचारी बाजूला झाली.

फोन लावून उपयोग नव्हता, सदस्यांचे फोन दाराशीच काढून घेतात. दारावरच्या माणसाला म्हटलं, एवढी चिठ्ठी आत द्या.

"मतदानाची घंटा झालीये, बाई. आता दारं बंद. चिठ्ठी नाही, निरोप नाही."

"अहो, दोनच शब्द आहेत!"

"एकही जाणार नाही. तुमच्याकडे पास असेल तर वर गॅलरीत बसा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

जिना कसा चढले देव जाणे. गॅलरीत पहिल्या रांगेत जाऊन कठड्याला धरलं. खाली ठोंब्या उभा होता, विधेयक मांडणारा म्हणून शेवटचं बोलत होता, आणि अगदी ठरलेल्या वाक्यावर आला होता. "मी स्टेअरिंग सोडलं ते..." टाळ्या. तो बसला. सभापतीबाई म्हणाल्या, "सदस्यांनी आपापली बटणं दाबावीत. एक मिनिट आहे." फलकावरचे आकडे उलटे पळायला लागले. साठ, एकोणसाठ.

ठोंब्याने बोट पुढे केलं. डावीकडे!

ओरडले असते तर मला बाहेर काढलं असतं आणि शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नसता, इतका गलका होता. मग मला सुचलं ते एकच. नऊ वर्षांचा होईपर्यंत हा डावा बूट उजव्या पायात घालायचा. शाळेच्या फाटकातून हाक मारली की पोरं त्याला हसायची, म्हणून मी लांबूनच माझे दोन्ही बूट काढून डोक्यावर फुली करून धरायची. तो बघायचा, गुपचूप भिंतीआड जायचा आणि बूट बदलून यायचा. आमच्या दोघांत तो एकच इशारा होता: उलटं झालंय.

मी बूट काढले आणि भर संसदेत डोक्यावर फुली करून धरले.

आता राष्ट्राच्या सभागृहात एक बाई कठड्यावर ओणवून बूट उगारते म्हटल्यावर बाकीच्यांना काय वाटणार? खालचे पाच-सहा सदस्य चक्क बाकांखाली गेले. कुणीतरी किंचाळलं, "बूट! बूट!" दोन सुरक्षारक्षक माझ्यावर असे झेपावले की मी नसते सापडले तर ते एकमेकांना धडकून पडले असते. पण त्या गलक्यात ठोंब्याने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर टेकायचं तेवढं राहिलं होतं, ते तसंच थांबलं. चेहरा कसा झाला ते सांगते: नऊ वर्षांचा.

पुढचं मला दिसलं नाही, कारण काखेत हात घालून मला खाली सुरक्षा-कक्षात नेलं. लहानशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि नशीब माझं, भिंतीवर सभागृह दाखवणारा टीव्ही. रक्षकाने माझे बूट टेबलावर ठेवले, पुरावा म्हणून, आणि वही उघडली.

"कुणाला मारणार होता?"

"थांबा हो जरा!" मी टीव्हीकडे बोट केलं.

ठोंब्या उभा राहिला होता. बटण दाबलंच नव्हतं त्याने. सभापतीबाई म्हणत होत्या, "सदस्य महोदय, वीस सेकंद राहिलेत, बसून मत द्या."

"महोदया, मला देता येत नाही," ठोंब्या म्हणाला. "यातलं लाल कुठलं नि हिरवं कुठलं, मला कळत नाही."

सभागृह खो खो हसलं. त्याला वाटलं असणार, शाळेचं फाटकच आहे. पण तो बसला नाही.

"मी स्टेअरिंग जनतेसाठी सोडलेलं नाही. मी डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो. लाज वाटली, म्हणून तीस वर्षं खोटं बोललो. बाक बदलल्यापासून माझी सगळी मतं उलटी पडली असावीत, असं मला आत्ताच कळलंय." मग म्हणाला, "चहाच्या सुट्टीवाला तो करंटा मीच."

आता जे हसू फुटलं ते वेगळं होतं. बाकांखाली गेलेलेही वर येऊन बाक बडवत होते. सभापतीबाईंनी दोनदा हातोडा आपटला, मग स्वतःच पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नियमात सोय आहे. सदस्यांना कागदी चिठ्ठी द्या."

चिठ्ठी आली. ठोंब्याने लिहिली, हात वर करून दिली. फलकावर आकडे लागले. एकशे एक्कावन्न. एकशे पन्नास.

मी त्या रक्षकाला मिठीच मारली. हे त्याच्या वहीत कुठे लिहायचं ते त्याला कळेना. मी रडत होते आणि म्हणत होते, "घोरा हो, मनसोक्त घोरा आता!" तो म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, "आमचे हे!" त्याने वही मिटली, बूट माझ्याकडे सरकवले आणि पाणी आणून दिलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. ठोंब्या आत आला, घामाने निथळलेला. मी उठून त्याच्याजवळ गेले तर तो माझ्या पायांकडेच बघत राहिला.

"ताई, बूट उलटे घातलेस."

खरंच की. घाईत डावा उजव्यात. त्याने मला खुर्चीत बसवलं, खाली वाकून दोन्ही बूट काढले आणि नीट घातले. तो वाकला तेव्हा त्याची विजार वर सरकली आणि मला त्याचे पाय दिसले. मी सकाळी लवकर निघाले होते, मोजे त्याचे त्यानेच वाळत घातलेल्या दोरीवरून ओढून घातले होते.

"ठोंब्या," मी म्हटलं, "एक मोजा लाल आहे, एक हिरवा. बाहेर पत्रकार उभे आहेत. विजार खाली ओढ."

तो उठला. दोन्ही पाय पुढे करून बराच वेळ बघत राहिला.

"यातला लाल कुठला, ताई?"

इतक्या वर्षांत हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. एकदासुद्धा नाही.

"डावा," मी म्हटलं. "नव्या बाकासारखाच."

"डावा," तो म्हणाला, विजार दोन बोटं आणखी वर ओढून घेतली, आणि पत्रकारांसमोर गेला.