विळा होता होता राहिलेला पाटा

मी एक जुना पाटा आहे. मसाला वाटायच्या पाट्याशी माझं काही नातं नाही, मित्रांनो. मी गाडीखालचा पाटा. जीपच्या चाकांजवळ लोखंडाच्या लांब, कमानदार पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. खड्डा आला की त्या वाकतात, खड्डा गेला की पुन्हा आपल्या कमानीत येतात. त्यातलाच मी एक. मला डोळे नाहीत. मला दोनच गोष्टी कळतात, आवाज आणि ओझं. पण ओझ्यावरून माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती ऊब. अंगभर लाल ऊब होती, मग कुणीतरी मला तेलात बुडवलं आणि सगळं शांत झालं. त्या शांततेतून मी बाहेर आलो तेव्हा अंगात एक ताण होता, आणि तो ताण आजही माझ्यात आहे. माझ्यासोबतच माझा जुळा भाऊ घडला. आम्ही दोघं एका काळीपिवळीखाली, म्हणजे भाड्याच्या जीपखाली, गेलो, तो डावीकडे, मी उजवीकडे.

सोळा वर्षं आम्ही गोंदिया, आमगाव, सालेकसा या रस्त्यावर धावलो. नऊ जणांच्या गाडीत पंधरा जण बसत आणि सोळावा मागे लटकत असे. बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या टोपल्या, लग्नसराईत वऱ्हाड, कधी एखादी बकरी. ड्रायव्हर श्यामलाल गाडीखाली वाकून म्हणायचा, "पाटे अस्सल हायेत, बापा." ते ऐकून मी आणखी थोडा वाकून दाखवायचो. मला स्तुती फार आवडते, लपवून काय उपयोग? इतकी माणसं वाहून वाहून माझं अंग मऊ झालं. नवा पाटा माणसाला झटका देतो, जुना झेलून घेतो, एवढा फरक आमच्यात पडतो.

मग काळीपिवळी थकली आणि तिचे सुटे भाग झाले. आम्ही दोघं गोंदियाजवळ कुडव्याला केशोराव मिस्त्रीच्या गॅरेजमागे भिंतीला टेकून पडलो. तिथे किती पावसाळे गेले ते मोजले नाहीत. अंगावर गंज चढत होता, खाली बेडूक राहायला आले होते. दुपारी दूरच्या मालगाडीची धडधड जमिनीतून माझ्यात यायची आणि मला झोप लागायची. त्या झोपेत मी पुन्हा रस्त्यावर असायचो. कुणीतरी चढायचं, मी वाकायचो. कुणीतरी उतरायचं, मी वर यायचो. जाग आली की अंगावर काहीच नसायचं. मित्रांनो, ओझं नसल्याचं ओझं काय असतं ते तुम्हाला कसं सांगू?

दर शुक्रवारी दुधराम नावाचा लोहार तिथे यायचा. पाट्याच्या लोखंडाचा विळा धार सोडत नाही, म्हणून तो असले जुने पाटे न्यायचा. तो हातोडीने एकेकाला टोले देई आणि कान लावून ऐकत बसे. यंदा श्रावणात त्याने मला टोला दिला आणि बराच वेळ ऐकलं.

"नरम हाय, पर इळे मस्त होतील," तो केशोरावला म्हणाला. "कान्होबा झाला का नंतरच्या शुक्रवारी या दोघायले नेतो."

कान्होबा म्हणजे जन्माष्टमी, इळा म्हणजे विळा. म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा घण, आणि माझे चार-सहा तुकडे. विळा होणं वाईट नाही, घरात मान असतो. पण विळ्याला माणूस वाहता येत नाही. मी घाबरलो, ते उघडच सांगतो.

त्याच आठवड्यात एक जीप आली. तिचा आवाज दमलेला होता. मालक उमेंद्र दरेकशाच्या पुढच्या डोंगरातल्या एका टोलीवरचा, म्हणजे छोट्या पाड्यावरचा, घरी धानाची शेती, आणि रोज सकाळी दहा-बारा माणसं भरून स्टेशनावर, मग सालेकशाला. त्याच्यासोबत त्याचा मेहुणा विक्की होता, इथला कुडव्याचाच.

"मिस्त्रीजी, गाडी उचलून द्या," उमेंद्र म्हणाला. "नाल्यातल्या गोट्यायवर इंजिनाच्या तेलाचा चेंबर घासून राहिला. मागच्या महिन्यात फुटला, सारं तेल वाहून गेलं."

"जिजाजी, हे पाहा, गाडी उचलाची पूरी किट," विक्कीने मोबाइल पुढे केला असावा. "एकदम हातभर उंच. लोक वळून वळून पाह्यतील."

किटची किंमत ऐकूनच उमेंद्रने नको म्हटलं. वर्षाचं धान विकूनही ती हाती येणार नव्हती. केशोरावने मग शांतपणे स्वस्तातले उपाय सांगितले. पाट्याला चेसीशी जोडणारी कडी असते, ती लांब घालायची. किंवा आहेत त्या पाट्यांत एकेक पाटा वाढवायचा. हे दोन्ही खिशाला झेपणारे होते.

"पर पहले सांग," केशोराव म्हणाला, "गाडी मिरवाची हाय का रोज चालवाची?"

"रोज चालवाची."

"तं तीन बोटं उचल. बस हाय."

"तीन बोटांत का दिसते, मिस्त्रीजी?" विक्की हसला.

"दिसाले नाही उचलून राहिलो आपण."

मला तो म्हातारा तेव्हाच आवडला. पण उमेंद्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तो हळूच म्हणाला, "घरी सातवा महिना चालू हाय, मिस्त्रीजी. वेळेवर गाडी नाल्यात अटकली तं मी का करू? जितकी उंच होते तितकी करून द्या."

कुणी हौसेने उंची मागतं, कुणी भीतीने. भीतीने मागणाऱ्याला नाही म्हणणं कठीण जातं. केशोरावने पिकअपचे जाडजूड, जवळजवळ नवे पाटे काढले आणि गाडीच्या मागच्या दोन्ही बाजूंना चढवले. पुढे लांब कड्या घातल्या. रिकामी गाडी आठ बोटं उंच झाली, विक्कीने फोटो काढले, आणि ती निघून गेली. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पुन्हा बेडकांच्या सोबतीला.

कान्होबा आला आणि गेला. आमच्या भागात जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसवतात, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. नंतरच्या शुक्रवारी दुधराम ठरल्याप्रमाणे आला. त्याने मला आणि भावाला दोरीने आपल्या लुनाला बांधलं. गाठ आवळली तेव्हा मी मनातल्या मनात सगळे रस्ते एकदा आठवून घेतले. सालेकशाच्या अलीकडचं ते वळण, तिथे गाडी कलली की सगळं ओझं माझ्याकडे यायचं. ते वळण मी दोनदा आठवलं.

तेवढ्यात धाडधाड करत एक गाडी आली. इतका कडक आवाज की मला वाटलं, पाटे नाहीत, नुसते ओंडके बसवलेत. ती उमेंद्रची जीप होती. आतून त्याची आई सुशीलाबाई उतरली.

"तूच का रे मिस्त्री?" ती म्हणाली. "हे पाह्य." तिने पदराच्या गाठीतून काहीतरी काढून लाकडी बाकावर ठेवलं. मातीचा हलका, कोरडा आवाज झाला.

"का हाय, माय?"

"कान्होबाचा हात हाय. बासरीसगट." ती दम घ्यायला थांबली. "सालेकशाहून कुंभाराकडून आणत होतो. मांडीवर घेऊन बसली होती मी, लुगड्यात गुंडाळून. नाल्यात गाडी घासली नाही, हा खूश झाला. अना तिकडे झटक्यानं माह्या मांडीवर देवाचा हात मोडला. मांडीवर, बापू. आता त्याच जागी माही सून बसन."

मग उमेंद्र बोलला. "माही घरवाली भूमेश्वरी त्या दिवसापासून गाडीत बसत नाही. म्हणते, पायी जाईन, पर इच्यात नाही बसत. मंगळवारी दवाखान्याची तारीख होती, ते बी चुकली."

केशोरावने हातातला पाना खाली ठेवला. "चूक माही बी हाय," तो म्हणाला. "रिकाम्या गाडीची उंची मोजली मी. रोज बारा माणसं नेते ते गाडी, तं भरल्या गाडीची मोजाले पाहिजे होती. अना हे पाटे ओझ्याचे, पोते-बोरे वाहाचे. माणसायले नरम पाटा पाहिजे. जुना, मुरलेला."

मी श्वास रोखला असता, पण मला श्वास नाही.

"काळीपिवळीची एक जोडी होती माह्याकडे," केशोराव भिंतीकडे गेला. "कुठं गेली?"

लुनाजवळ उभ्या असलेल्या दुधरामने दोरीची गाठ पुन्हा तपासली. मग म्हणाला, "मी नेऊन राहिलो जी. कापणी तोंडावर हाय, लोकायले इळे देण्याचे हायेत."

उमेंद्रने विनवणी केली नाही. सुशीलाबाई मात्र उठली आणि तिने तो मातीचा हात दुधरामच्या तळहातावर ठेवला. बस, इतकंच केलं तिने. घण धरणारी ती बोटं त्या हाताभोवती किती जपून मिटली असतील, याचा मी कितीदा तरी विचार केला आहे.

दुधरामने दोरी सोडली.

"ते जाड पाटे मले द्या," तो म्हणाला. "इळेच काऊन, त्यायच्या कुऱ्हाडी बी होतील. अना आणा इकडं, या दोघायची कमान मी बांधून देतो. मिस्त्रीले नाही जमाचं."

मित्रांनो, ज्या घणाची मला इतकी भीती वाटत होती तोच घण माझ्यावर पडला. पण भट्टीशिवाय, थंड अंगावर, मोजून मापून. दुधराम एक टोला देई, ऐके, मग दुसरा देई. बसलेली माझी पाठ हळूहळू उचलली गेली. जन्माच्या वेळचा तो ताण कुठेतरी खोल झोपला होता, तो जागा झाला. मला तेलातली ती शांतता पुन्हा आठवली.

आम्हाला जीपखाली बांधलं, पुढच्या कड्याही बदलून बेताच्या घातल्या, आणि केशोरावने फर्मान काढलं, "आता बसा सारे." सुशीलाबाई बसली, उमेंद्र बसला, गाडीचा आवाज ऐकून आलेला विक्की बसला, दुधराम बसला. शेजारचा शिंपी बसला, ऑटोची वाट पाहणाऱ्या चार बायका बसल्या. मिस्त्रीचा चहावाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकंही बसली. बारा माणसं गॅरेजात उभ्या गाडीत बसून होती आणि केशोराव खाली बोटं लावून मोजत होता. इतक्या वर्षांनी माझ्यावर माणसं बसली होती. मी वाकलो आणि मला रडू येईल असं वाटलं.

"आधी भरली का जिथं बसत होती, त्याच्याहून तीन बोटं वर हाय," केशोराव म्हणाला. "चेंबरले लागत नाही."

मग गाडी रस्त्यावर नेली, गतिरोधकावरून आणली. सुशीलाबाई एवढंच म्हणाली, "हं. आता बसन ते."

भूमेश्वरी पहिल्यांदा बसली ती बिचकत बिचकत. तिचं ओझं मला लगेच कळलं, कारण ती एका हाताने वरचा दांडा धरून अर्धी अधांतरी बसली होती. नाला आला. मी आणि भावाने दगड झेलले. पलीकडे गेल्यावर तिने दांडा सोडला आणि तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं. माणूस विश्वासाने टेकला की वजन वाढतं, हे तुम्हाला काट्यावर दिसणार नाही, मला मात्र पक्कं ठाऊक आहे.

धानाची कापणी ऐन भरात होती तेव्हा एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. उमेंद्र बांधीतून, धानाच्या शेतातून, धावत आला. गाडीत तिघंच, तो, ती आणि सुशीलाबाई. मागे दुधरामचे दोन नवे विळे तसेच पडून होते, त्या जाड पाट्यांतून घडलेले. ते वाटभर किणकिणत होते, जणू जुनी ओळख देत होते. नाल्यापाशी उमेंद्रने गाडी इतकी हळू केली की मला एकेक गोटा वेगळा मोजता आला. घाई सगळ्यांनाच होती. तरी तो हळू गेला, आणि चेंबर कुठेच टेकला नाही.

मी आयुष्यात इतक्या जपून कधी वाकलो नव्हतो.

चार दिवसांनी तिघं दवाखान्यातून घरी निघाली. आधी सुशीलाबाई चढली, मग भूमेश्वरी, जाताना होती त्याहून हलकी. उमेंद्र गाडी सुरू करायला गेला. "थांब, नीट घेऊ दे मले तिले," सुशीलाबाई म्हणाली. आणि मग माझ्यावर एक ओझं आलं. सोळा वर्षं मी माणसं वाहिली, पण असं ओझं मला माहीत नव्हतं. ते माझ्या स्वतःच्या वजनाहूनही कमी होतं. त्याच जागी होतं, सुशीलाबाईच्या मांडीवर, लुगड्यात गुंडाळलेलं. मी त्याच्यासाठी वाकलो. भाऊ म्हणतो, इतक्याशा ओझ्याने पाटा वाकत नाही. म्हणू दे.

आता रोज सकाळी मी डोंगर उतरतो. कधीतरी मीही तुटेन, तेव्हा दुधराम आहेच. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. गाडीखालचा चिखल धुताना आम्हाला विसरू नका, वर्षातून एकदा तरी तेल दाखवा. गाडी उचलायची असेल तर माणसं बसवून मोजा. आणि नाला आला की हळू व्हा. आत कुणाच्या मांडीवर काय आहे ते पुढच्या काचेतून दिसत नाही, ते आम्हालाच कळतं.