दुसऱ्या अल्बमची माणसं

टिटवीचा दुसरा अल्बम आला तेव्हा सगळ्या शहराने नाक मुरडलं, आणि खरं सांगायचं तर मावशीच्या लाँड्रीनेही मुरडलं.

टिटवी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पाळण्यात असताना अशी किंचाळायची की शेजारचे भिंत ठोकायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं. बहीण कामासाठी परगावी, म्हणून पोर मावशीकडेच वाढली, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर लोळत. मोठी झाल्यावर तिने बँड काढला. पहिल्या अल्बममध्ये एक मऊ मऊ प्रेमाचं गाणं होतं. ते असं चाललं की वाण्याकडे जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, तेच कानावर. लोक मावशीला रस्त्यात अडवून सांगायचे, "काय गोड गळा आहे हो तुमच्या पोरीचा!" मावशी म्हणायची, "गोडच पाहिजे तर साखर खा, माझा रस्ता सोडा."

दुसऱ्या अल्बममध्ये गोड काही नव्हतं. गिटार करवतीसारखी चालायची आणि टिटवी कुणाच्या तरी दारात उभी राहून भांडल्यासारखी गायची. मधल्या एका गाण्याचा ठेका तर इतका वाकडा, की टाळी द्यायला जावं तर हात हवेतच राहावा. मावशीचा जावई, ज्याला स्वतःच्या शर्टाची कॉलर नीट बसवता येत नाही, तो जेवताना म्हणाला, "पहिल्यात सूर होता. दुसऱ्यात नुसता राग आहे."

"बरं झालं," मावशी म्हणाली, "इतकी वर्षं माझा राग तुम्हाला कळला नाही, तिचा तरी कळला."

पण मनातून तिलाही तो अल्बम झेपला नव्हता. पोरीचा आहे म्हणून हट्टाने लावून ठेवायची, इतकंच.

तो आवडला चादरींमुळे. मावशीकडे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. मोठी चादर एकटीने दुमडता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टोकं धरतात, चादर झटकतात, दुमडतात, एकीने पुढे यायचं आणि टोकं दुसरीच्या हातात द्यायची. धर, झटक, दुमड, ये, दे. नवीन बाई आली की तिला हेच तोंडाने म्हणायला लावतात. एका दुपारी ते वाकडं गाणं लागलं होतं आणि घड्या चालल्या होत्या. मधेच लांबडी थांबली. लांबडी म्हणजे लाँड्रीतली सगळ्यात उंच आणि सगळ्यात फाटक्या तोंडाची बाई.

"मावशी, हे आपल्या हातांबरोबर चाललंय!"

"काय चाललंय?"

"गाणं. धर, झटक, दुमड, ये, दे. बघा ना!"

बघितलं. खरंच चाललं होतं. टोकं हातात पडायला आणि ड्रमचा दणका बसायला एकच गाठ. मावशीच्या अंगावर काटा आला, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती ओरडली, "मग थांबलीस कशाला? कामं कोण करणार, गाणं?"

त्या दिवसापासून लाँड्रीत दुसरं काही लागलं नाही. एकदा ठेका हाती आल्यावर बाकीची गाणीही उलगडत गेली. एका गाण्यात टिटवी म्हणते, "हस म्हणालास, नाही हसले, काय करशील?" हॉटेलच्या मॅनेजरने "जरा हसून बोलत जा" म्हटलं, तेव्हा लांबडीने ती ओळ त्याच्या तोंडावर गाऊन दाखवली. मॅनेजर तणतणत गेला. मावशीने लांबडीला चहा पाजला.

अशात एका दुपारी टिटवी लाँड्रीत आली आणि लहानपणीसारखी गाठोड्यावर धपकन बसली. संध्याकाळी कार्यक्रम होता, आणि तोंड मात्र पिळून काढलेल्या फडक्यासारखं.

"हॉलवाला म्हणतो, दुसऱ्या अल्बममधलं एकही गाणं नको. वाजवलं तर पुढचे सगळे कार्यक्रम दुसऱ्या बँडला देणार."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

लाँड्रीतले हात थांबले. मोठं मशीन तेवढं घरघरत राहिलं.

"लोकांना नाही आवडला तो, मावशी. जबरदस्ती कशी करणार? आता तो परत वाजवायचाच नाही असं आमचं ठरतंय."

"लोकांना म्हणजे कोणाला? आम्ही लोक नाही?"

"तुम्ही घरची माणसं. तुम्हाला आवडणारच."

"लांबडी तुझ्या घरची कधी झाली? ती तर माझंही ऐकत नाही."

"मला पहिला अजिबात आवडला नव्हता," लांबडी म्हणाली. "तोंडावर सांगते. ते प्रेमाचं गाणं लागलं की झोप यायची."

टिटवीला हसू आलं, पण ते ओठांतच मेलं. "तुम्ही म्हणजे सगळ्या मिळून पाच-सहा जणी. हॉल केवढा मोठा आहे!" म्हणाली, आणि उठून गेली.

मावशीने हातातली चादर पुरी केली, मशीन बंद केलं आणि शटरची काठी उचलली. लाँड्री दिवसाउजेडी बंद होताना कुणी पाहिली नव्हती.

"ॲप्रन काढू का?" लांबडीने विचारलं.

"कशाला? चोरीचे आहेत?"

हॉलमध्ये सगळी तरुण मंडळी. निळ्या ॲप्रनमधल्या बायकांकडे बघून पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. एकजण म्हणाला, "आजी, झाडलोट कार्यक्रम संपल्यावर." मावशी म्हणाली, "आधी तुला उचलते, मग बाकीचं झाडते." आणि दारावर काढलेली तिकिटं दाखवून सगळ्यांना घेऊन थेट पुढे जाऊन उभी राहिली.

टिटवीने पहिल्या अल्बममधली गाणी म्हटली. नीट म्हटली, पण मावशीला ती पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभी केलेली पोर वाटली. लोक मात्र खूश. प्रत्येक गाण्यानंतर त्याच मऊ गाण्याची मागणी. स्टेजच्या कडेला हॉलवाला हाताची घडी घालून उभा.

टिटवीची नजर फिरत फिरत खाली आली आणि निळ्या ॲप्रनांवर अडकली. मावशीने हाक मारली नाही, हातवारे केले नाहीत. नुसती हनुवटी वर केली, लहानपणी टिटवी मार खाऊन घरी आली की करायची तशी. म्हणजे, जा परत आणि बोल त्यांच्याशी.

टिटवीने पाठ फिरवून ड्रमवाल्याला काहीतरी सांगितलं. तो नको नको म्हणत होता. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने काठ्या उचलल्या.

वाकडा ठेका सुरू झाला. "हे नको! जुनं म्हणा!" मागून ओरडा झाला. कुणी शिट्टी मारली. हॉलवाल्याने हाताची घडी सोडली.

लांबडीने टाळी धरली. मावशीने धरली. सगळ्याजणींनी धरली. धर, झटक, दुमड, ये, दे. एकही टाळी चुकली नाही. बाजूचा पोरांचा घोळका बघत राहिला. त्यातली एक मुलगी, डोकं तासून गुळगुळीत केलेली, मान हलवत होती. ती सरकत जवळ आली आणि मावशीच्या कानात म्हणाली, "मलाही हाच आवडतो. आमच्यात कुणाला सांगितलं नाही, हसतात."

"हसू देत. हात वर कर."

मग दोघं आले, मग आणखी कुणी. टाळ्या जरा जाड झाल्या.

आणि एकदम सगळी वाद्यं थांबली.

टिटवी डोळे मिटून उभी. गिटारवाला स्तब्ध. सगळ्या हॉलमध्ये फक्त निळ्या ॲप्रनांच्या टाळ्या, टपाटप. या गाण्यात अशी शांत जागा आहे हे लाँड्रीत कुणाला माहीतच नव्हतं. तिथे मशीनची घरघर असते, हात चालू असतात, आणि थोड्या वेळाने ड्रम परत ऐकू येतात. मधे काही थांबतं, हे कधी कानावरच आलं नाही.

मागे हशा पिकला. लांबडीचं तोंड उतरलं. "मावशी, चुकलं आपलं. थांबूया."

"चुकलं तर चुकलं! टोक सोडशील तर चादर जमिनीवर पडेल. चालू ठेव."

टाळ्या चालू राहिल्या. टिटवीने डोळे उघडले. हसू की मारू असा चेहरा. मग तिने माईक तोंडाशी नेला आणि जिथे काहीच म्हणायचं नव्हतं तिथे, नुसत्या टाळ्यांवर, दुसऱ्याच गाण्यातली ओळ म्हणायला लागली. "हस म्हणालास, नाही हसले, काय करशील?" टक्कल केलेली मुलगी ओरडली, "काय करशील?" मग पाठीमागून, जिथे मघाशी शिट्टी वाजली होती तिथूनही कुणीतरी ओरडलं. ड्रमवाल्याला राहवेना, त्याने दणका दिला, आणि तो बरोबर टोकं हातात पडायच्या जागी बसला.

बरेच लोक उठून गेले, ते खरं. दारात गर्दी झाली. पण उरले ते पुढे आले, आणि टिटवीने दुसरा अल्बम शेवटपर्यंत वाजवला. मऊ गाणं परत म्हटलंच नाही.

संपल्यावर हॉलवाला मावशीसमोर येऊन उभा राहिला. "तुमच्यामुळे पोरीचं नुकसान झालं, कळतंय का? या स्टेजवर आता तिला जागा नाही."

मावशीच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. पण टिटवी मधे आली.

"त्यांच्यावर कशाला ओरडताय? वाजवलं मी. आणि जिथे हा अल्बम चालत नाही, तिथे मलाच यायचं नाही." हॉलवाला हात झटकत निघून गेला.

गिटारच्या वायरी गुंडाळता गुंडाळता टिटवी मावशीला म्हणाली, "तिथे शांतता होती. त्या शांततेसाठी आम्ही किती भांडलो होतो एकमेकांत, माहीत आहे?"

"मग मशीन बंद करून ऐकवायची होतीस."

"टाळ्या राहू देऊ का? की पुढच्या वेळी शांतताच ठेवू?"

"ते तुझं तू बघ. टाळ्या आवडल्या नाहीत तर तोंडावर सांग, आम्ही हात खिशात घालू." मावशीने ॲप्रनची गाठ घट्ट केली. "पण कुणाला घाबरून टाळ्या काढशील, तर मी स्टेजवर येऊन वाजवीन."

"ती येईल हं," लांबडी म्हणाली. "आणि बेताल वाजवेल."